ताईच्या लग्नाचं पाणी

नळाला पाणी यायच्या आधी हवा यायची. हैदराबादेतल्या काचीगुड्याच्या आमच्या घरात सकाळ त्या आवाजाने उजाडायची. आधी कुणी खाकरावं तसा आवाज, मग बारीक शिट्टी, आणि मग अंगणातल्या संपात धो धो पडणारं पाणी. जमिनीखालच्या टाकीला आमच्याकडे संप म्हणतात. नांदेड-परभणीहून आलेले पाहुणे ‘आज संप भरला नाही’ असं ऐकून दचकायचे, मग हसायचे. एक दिवसाआड पाणी येई. स्टेशनकडून गाडीची शिट्टी ऐकू यायची, दूधवाल्याच्या कॅनचा खडखडाट व्हायचा आणि आई पदर खोचून अंगणात उभी राहायची. पाणी येताना ती कुणाशी बोलत नसे. बाकी दिवसभर तिचं तोंड बंद नसायचं.

घर आमचं नव्हतं, भाड्याचं होतं. वरच्या मजल्यावर घरमालक राहत, निवृत्त वकीलसाहेब आणि त्यांच्या पत्नी. त्यांना सगळी गल्ली काकू म्हणायची. त्यांच्या घराण्यात तीन पिढ्या सरकारी नोकऱ्या आणि वकिली चालत आलेली. आम्ही खालच्या दोन खोल्यांत: आई, दादा म्हणजे माझे वडील, सुनंदाताई आणि मी. दादा मराठवाड्यातल्या एका खेड्यातून रेल्वेच्या कारकुनीत आले आणि इथलेच झाले. आमच्या खोलीत भिंतीवर दोन तसबिरी होत्या आणि त्यांच्याखाली रोज उदबत्ती लागायची. वर काकूंचं देवघर होतं. दोन्ही घरांत बोलणं गोड, देणंघेणं दिवाळीच्या फराळाइतकं. काकू त्यांचं पिण्याचं आणि देवाचं पाणी नळ सुरू झाला की सगळ्यांच्या आधी स्वतः भरायच्या, पितळेच्या हंड्यात, थेट नळाखाली. तो हंडा दुसऱ्या कुणी उचलायचा नाही, हे कुणी कधी बोललं नव्हतं. सगळ्यांना ठाऊक होतं एवढंच.

मी आता चिक्कडपल्लीच्या फ्लॅटमध्ये राहते. स्वयंपाकघरात भिंतीवर यंत्र आहे, त्याला निळा दिवा आहे, बटण दाबलं की पाणी येतं. ताईची नात ओवी इथेच नोकरीला असते, दर शनिवारी जेवायला येते. तिला मराठी बोलता येतं, वाचताना मात्र ती अडखळते. ‘मावशीआजी, तू हे सगळं लिहितेस ना, ते मला बोलून पाठव, मी येता-जाता ऐकेन,’ म्हणते. म्हणून मी हे लिहिते आहे आणि लिहून झालं की मोठ्याने वाचणार आहे. ती यंत्रातलं पाणी पिते आणि विचारते, ‘पूर्वी तुम्ही काय करायचात?’ पूर्वी आम्ही नळाच्या तोंडाला धुतलेलं धोतर बांधायचो, ओवी. गाळ त्यात अडकायचा, आणि आम्हाला वाटायचं झालं पाणी स्वच्छ.

मी इंटरच्या दुसऱ्या वर्षाला होते, जामबागच्या कॉलेजात. ताईचं लग्न नांदेडच्या मुलाशी ठरलं होतं. घरात लग्नाचा वास भरला होता, म्हणजे शेवेच्या घाण्याचा, नव्या कापडाचा आणि आईने डब्यांत भरून ठेवलेल्या काळ्या मसाल्याचा. आई रोज संध्याकाळी ज्वारीच्या भाकरी थापायची, अंबाडीची आंबट भाजी नाहीतर खट्टी दाल, आणि थापता थापता कुणाकुणाला कुठे झोपवायचं याचा विचार मोठ्याने करायची. त्या धांदलीत एक दिवस दादा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी नुसत्या फोडणीच्या वासाने त्यांना मळमळलं. तिसऱ्या दिवशी ताईने त्यांना उजेडात उभं केलं, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि आत जाऊन रडायला लागली. डोळे हळदीसारखे झाले होते.

डॉक्टर म्हणाले, कावीळ. विश्रांती, बिनतेलाचं जेवण, उकळलेलं पाणी. ‘पाण्यातून होते ही. पाणी कुठलं पिता?’ त्यांनी विचारलं. दादांनी अंगणाकडे बोट दाखवलं. त्याच नळाचं पाणी दोन्ही घरं पीत होती आणि तेच पाणी लग्नाला येणारी सगळी मंडळी पिणार होती. चौघांपुरतं पाणी आई स्टोव्हवर उकळत होती. लग्नघराचं पाणी उकळायचं तर रॉकेल कुठून आणायचं? लग्न पुढे ढकलावं, असं आई एकदा पुटपुटली. दादा अंथरुणावर उठून बसले. ‘नाही. माझं काय सांगता येत नाही. माझ्या डोळ्यांदेखत होऊ दे.’

आणि मग त्यांनी दुसरी गोष्ट काढली. नवरदेवाच्या मामांचा मुलगा लग्नाचा होता. मामांचा निरोप येऊन पडला होता की मुलाला बरोबर आणतो, पसंत पडलं तर धाकटीचंही त्याच मांडवात उरकू. इतके दिवस दादा हसून टाळत होते. आता पडल्या पडल्या छताकडे पाहत म्हणाले, ‘मुलगा चांगला आहे म्हणतात. शीलाचंही होऊन जाऊ दे. दोघी मार्गी लागल्या की मी मोकळा.’ आईची तव्यावरची भाकरी करपली. ताईबरोबर माझ्यासाठीही लग्नाची पांढरी साडी आणायला त्यांनी आईला सांगितलं. मला दादांचा राग आला नाही. माणूस घाबरला की घाईला लागतो, हे तेव्हाही मला दिसत होतं. पण त्या रात्री मी रसायनशास्त्राचं पुस्तक उशाशी घेऊन झोपले, लहान मूल बाहुली घेऊन झोपतं तशी.

रसायनशास्त्र शिकवायच्या त्या अनसूया मॅडम. मूळच्या तेलुगू, आमच्याशी दखनीत, म्हणजे हैदराबादी हिंदीत, बोलायच्या. दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर मी त्यांच्यामागे प्रयोगशाळेत गेले आणि घरचं सगळं सांगितलं, मामांच्या मुलाचं सोडून. त्यांनी मला बसवलं आणि एकेक गोष्ट करून दाखवली. गढूळ पाण्याच्या चंबूत तुरटी फिरवली, गाळ खाली बसेपर्यंत मला बघत बसायला लावलं. ‘पानी को पहले साफ करो, बाद में दवा डालो. मैले पानी में दवा मैल से लड़तीच रह जाती, कीड़ों तक जातीच नहीं.’ मग ब्लीचिंग पावडर थोड्या पाण्यात कालवून लगदा केला, त्यात आणखी पाणी घालून ठेवलं. चुना खाली बसला. वरचं नितळ पाणी, तेवढंच वापरायचं, म्हणाल्या. किती पाण्याला किती, ते माझ्याकडून पाठ करून घेतलं. दवा घातली की अर्धा तास झाकून ठेवायचं, घाई करायची नाही. शेवटी एक छोटी बाटली आणि दोन काचेच्या नळ्या माझ्या हातात दिल्या. नळीत पाणी घ्यायचं, बाटलीतले थेंब टाकायचे. पाणी फिकट पिवळं झालं तर दवा पाण्यात शिल्लक आहे, प्यायला हरकत नाही. रंगच आला नाही तर दवा कमी पडली. ‘और नली का पानी फेंक देना, पीना नक्को.’

मी घरी येऊन सांगितलं तेव्हा दादा पहिल्यांदा हसले. ‘माझे डोळे पिवळे झाले तर रडारड, आणि पाणी पिवळं झालं तर आनंद?’

पण मॅडमनी एक अटही घातली होती. आधी संप रिकामा करून आतून घासायचा. आई वर जाऊन वकीलसाहेबांना बोलावून आली. ते जिन्यातच उभे राहिले. संप त्यांच्या वडिलांनी बांधलेला, पाणी सरकारचं, त्यात दोष कसा असेल? मग थोडं थांबून, दादांच्या खोलीकडे बघत म्हणाले, ‘तसं असेल तर एखादा माणूस बोलवा आत उतरायला. तुमच्या ओळखीत असेल कुणी.’

आतून दादांची खाट करकरली. आईने पदर सारखा केला. ‘आमच्या ओळखीत तसा कुणी नाही, वकीलसाहेब,’ ती अगदी शांतपणे म्हणाली. ‘आम्ही मायलेकी उतरू. पाणी आम्ही पितो, टाकीबी आम्ही घासू. तुम्ही फक्त झाकण उघडायची परवानगी द्या.’ वकीलसाहेबांचा चेहरा उतरला. ते वर निघून गेले. मला वाटलं, संपलं, पण संध्याकाळी झाकण उघडायला हरकत नाही असा त्यांचा निरोप आला.

रविवारी नळ येणार नव्हता. शनिवारभर आम्ही संप उपसून रिकामा केला आणि झाकण रात्रभर उघडं ठेवलं, आतली कोंडलेली हवा जावी म्हणून. सकाळी आई आणि मी साड्या-परकर खोचून शिडीने आत उतरलो. घोट्यापर्यंत गाळ होता, काळा, थंड, मऊ. नारळाच्या काथ्याच्या ब्रशने भिंत घासली की शेवाळाचे पापुद्रे सुटून यायचे. बादली भरली की वर कोण ओढणार, हा प्रश्न होता. ताईला आईने जवळ फिरकू द्यायचं नाही असं ठरवलं होतं, लग्न तोंडावर आलेलं. मी वर पाहिलं तर उजेडाच्या चौकोनात वकीलसाहेब उभे. धोतराचा काचा मारलेला, बनियन, डोक्याला पंचा. आयुष्यभर ज्यांना मी कोटाशिवाय घराबाहेर पडताना पाहिलं नव्हतं.

‘दोर माझ्याकडे द्या,’ ते म्हणाले. ‘आणि वहिनी, त्या दिवशी मी बोललो ते बरोबर नव्हतं.’

आई क्षणभर घासायची थांबली. ‘बादली जड आहे हं,’ ती म्हणाली. ‘कमरेनं ओढू नका, हातानं ओढा.’

दुपारपर्यंत त्यांनी बादल्या ओढल्या. मध्ये काकू वरून ओरडून गेल्या, ‘अहो, या वयात!’ आणि मग त्यांनीच सगळ्यांसाठी लिंबाचं सरबत पाठवलं. गाळ निघाला तेव्हा दिसलं, मोरीच्या बाजूच्या भिंतीला बोटभर तडा होता आणि त्यातून ओल झिरपत होती. वकीलसाहेब शिडीवरून निम्मे खाली उतरून तो तडा बराच वेळ बघत राहिले. त्याच संध्याकाळी त्यांनी गवंडी आणून तो बुजवला आणि मोरीचा पाइप दुसऱ्या बाजूने काढून घेतला.

संप पुन्हा भरला. तुरटी, मग नितळ दवा, मग अर्धा तास. झाकणावर बसून मी तो अर्धा तास काढला. नळीत थेंब टाकले आणि पाणी लिंबाच्या सालीसारखं फिकट पिवळं झालं. आई, ताई, वकीलसाहेब, दादासुद्धा भिंतीला धरून, सगळे ती नळी उजेडाला धरून बघत होते. तेवढ्यात काकू जिना उतरल्या. हातात हंडा. ‘याला काही वास येतो बाई, दवाखान्यासारखा. देवाला कसं चालेल? माझं आपलं थेट नळाचंच बरं,’ म्हणाल्या. मग जरा थांबून, ‘पण बघ तरी यातलं.’ मी त्यांच्या हंड्यातलं पाणी नळीत घेतलं, थेंब टाकले. सगळे वाट पाहत राहिले. पाण्याला रंगच आला नाही. काकूंचा चेहरा असा झाला की मलाच वाईट वाटलं. त्या पाण्याइतकं जपलेलं पाणी त्या गल्लीत दुसरं नव्हतं. ‘मग घाल तुझं औषध,’ त्या हळूच म्हणाल्या आणि हंडा माझ्याकडे सरकवला. मी त्यात दवा घातली, स्वच्छ पळीने ढवळलं, वर झाकण ठेवलं. तोपर्यंत त्या हंड्याला आमच्या घरातल्या कुणाचा हात लागला नव्हता. काकूंच्या ते लक्षात आलं की नाही, मला माहीत नाही. माझ्या आलं.

लग्नाच्या दिवशी नांदेडहून गाडी उशिरा आली. पाहुणे स्टेशनवरून चालतच आले, घामाघूम. गल्लीत मांडव, मांडवाच्या कडेला पाण्याचे ड्रम, त्यांवर ओलं पांढरं कापड आणि लांब दांड्याचं ओगराळं. आत चुलीवर बगारा भात शिजत होता, वांग्याची भाजी रटरटत होती, बुंदी कढईतून निघत होती. दादा खुर्चीवर बसून होते, अजून अशक्त, पण नवा सदरा घालून. मामा पुढे आले. धिप्पाड माणूस, आवाज मोठा. मागे त्यांचा मुलगा, मान खाली घालून उभा. मी पाण्याचा ग्लास दिला. मामांनी एक घोट घेतला आणि मांडवाच्या बाहेर थुंकला.

‘ह्याला तर दवाखान्याचा वास मारायलाय!’

मी म्हटलं, ‘मामा, पाण्यात औषध घातलंय, जंतू मरतात म्हणून.’

‘म्हंजे? आम्ही काय रोगट हाव का? वऱ्हाडाला औषधाचं पाणी पाजायलाव? हैदराबादेत राहून लई शहाणे झालाव तुम्ही!’

दादा उठायला लागले, त्यांना उठता येईना. ताई आतल्या दारात उभी होती, तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला मला दिसला. मला काय सुचलं कोण जाणे, मी नळी आणि बाटली घेऊन आले, मामांच्याच ग्लासातलं पाणी नळीत घेतलं आणि सगळ्यांसमोर थेंब टाकले.

‘पिवळं झालं! बघा, बघा,’ मामा ओरडले, ‘कावीळच कालवली पोरीनं पाण्यात!’

चारजण हसले. माझे कान तापले. तेव्हा नवरदेवाची आई, आमच्या विहीणबाई, घोळक्यातून पुढे आल्या. ठेंगणी, सावळी बाई, तोवर एक शब्दही बोलल्या नव्हत्या. ‘तू जरा थांब रे भाऊ,’ त्यांनी मामांना म्हटलं आणि माझ्याकडे वळल्या. ‘काय करायलीस गं? मला नीट सांग. सावकाश.’

मी सांगितलं. गाळ, तुरटी, दवा, अर्धा तास, पिवळा रंग. त्या मधे मधे विचारत होत्या. विहिरीत घालता येतं का? किती दिवस टिकतं? लहान लेकराला चालतं का? मी प्रत्येकाचं उत्तर दिलं. जे माहीत नव्हतं तिथे ‘मॅडमना विचारून सांगते’ म्हटलं. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी ड्रममधून स्वतः ग्लास भरून घेतला आणि सगळा प्यायल्या.

‘माझी थोरली हगवणीनं गेली,’ त्या म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. ‘चालायला लागली होती. गावची विहीर आमची नव्हती. आमच्या वाट्याला वढ्यातलं झिऱ्याचं पाणी. उकळा म्हणून सांगायला कुणी नव्हतं, आन् पाण्यात काय असतंय हे आम्हाला ठाव नव्हतं. हिच्यासारखं एक लेकरू त्या वस्तीत असतं, तर आज माझी पोरगी ह्या मांडवात करवली म्हणून मिरवली असती.’

मामांनी मान खाली घातली. ती त्यांचीही भाची होती. विहीणबाई दादांच्या खुर्चीपाशी गेल्या. ‘दादा, तुमची ही पोरगी माझ्या भाच्याला करायची, हे मीच सुचवलं होतं. आता मीच सांगते, हिला एवढ्यात मांडवात बसवू नका. हिला शिकू द्या. पोरं लग्नाला थांबतेत. पाणी थांबत नाही.’

दादांनी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. आईने माझ्या पांढऱ्या साडीच्या खांद्यावरची चुणी सारखी केली आणि म्हणाली, ‘जा, ताईला बाहेर आण. भंतेजी खोळंबलेत.’

वंदना झाली, पंचशील झालं, ताईचं लग्न लागलं. जेवताना मामा माझ्याच हातून पाणी घेत होते, दर वेळी ग्लास थोडा दूर धरून वास घ्यायचे आणि मग प्यायचे. त्यांच्या मुलाने मात्र जाताना मला एकटीला गाठून म्हटलं, ‘बरं झालं. मलाबी पुढं शिकायचं होतं.’ लग्नाला आलेल्यांपैकी कुणीही आजारी पडलं नाही. विहीणबाईंनी पुढच्या उन्हाळ्यात मला नांदेडला बोलावून घेतलं आणि वस्तीच्या विहिरीवर बायका गोळा करून माझ्याकडून सगळं पुन्हा वदवून घेतलं. आयुष्यभर पाणी तपासण्याची नोकरी केली मी, मोठी मोठी यंत्रं हाताळली. पण त्या विहिरीच्या काठावर जितके चांगले प्रश्न मला विचारले गेले तितके पुन्हा फार क्वचित.

ताई गेल्यावर घर एकदम मोठं वाटायला लागलं. दादांचा रंग हळूहळू परतला. एका सकाळी मी कॉलेजला निघाले तर ते दारात चप्पल घालून उभे. ‘चल, येतो,’ म्हणाले. मला वाटलं, बसपर्यंत येणार. ते बसमध्ये चढले. जामबागला उतरले. कॉलेजच्या फाटकाशी थांबले, सदऱ्याचं वरचं बटण लावलं. ‘तुझ्या त्या मॅडम कुठे बसतात?’

प्रयोगशाळेत अनसूया मॅडम नळ्या धूत होत्या. आजारातून उठलेले दादा दारातच उभे राहिले, हातात हात गुंफून, साहेबासमोर राहावं तसे. रेल्वेत इतकी वर्षं बोलून रुळलेली त्यांची दखनी त्या क्षणी अडखळत होती.

‘मॅडम,’ ते म्हणाले, ‘मैं शीला का बाप. पूछने आया. इसकू आगे क्या क्या पढ़ाना?’

मॅडमनी हात पुसले, स्वतःची खुर्ची ओढून त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, ‘पहले बैठो, दादा. बहोत है.’